चपला राखणारं पोरगं

माझी नात सातवीत आहे. गेल्या परीक्षेच्या आदल्या दिवशी सोप्यात मांडी घालून, डोळे मिटून घोकत बसली होती. कबड्डीच्या संघात मैदानावर सात खेळाडू, चढाईला तीस सेकंद, पुरुषांच्या मैदानाची लांबी तेरा मीटर, रुंदी दहा मीटर. एकदा झालं की परत पहिल्यापासून.

"आबा, ऐका की, चुकलो तर सांगा," म्हणाली.

"चुकलं न्हाई काय. पण तू कबड्डी खेळलीस कवा?"

"खेळायची कुठं? हे आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाचं हाय. वहीत उतरून दिलंय."

मला आधी हसू आलं. मग रात्री अंथरुणावर पडल्यावर राग आला. ऊस कसा लावायचा हे फळ्यावर लिहून द्यायचं आणि पोराला रानात पायच ठेवू द्यायचा नाही, असलं हे शेत झालं. नातीला त्या विषयात 'अ' श्रेणी मिळाली. कबड्डीत आधी श्वास आवरावा लागतो की पाय, हे तिला आजही ठाऊक नाही. तिच्या बाईंचा दोष मी धरत नाही. त्या बिचाऱ्या गणित, विज्ञान आणि वर हे, सगळं एकट्याच ओढतात. माझा राग आहे तो आपल्या सगळ्यांवर. खेळ म्हणजे काय, हेच आपल्याला कधी कळलेलं नाही, आणि तरी आपण कोल्हापूरचे म्हणून छाती काढून फिरतो.

कोल्हापुरात आल्यावर पाहुण्याला आपण पहिल्यांदा अंबाबाई दाखवतो आणि मग खासबागेचं मैदान दाखवतो. शाहू महाराजांनी रोमची जुनी रंगभूमी बघून आल्यावर ते बांधायला घेतलं, 1912 साली पुरं झालं. मधला आखाडा आणि भोवती चढत गेलेली बसायची जागा, कुठूनही बसा, कुस्ती दिसते. याच महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. म्हणजे एकाच माणसाच्या डोक्यात शाळा आणि तालीम दोन्ही होती. आपण काय केलं? शाळा एका बाजूला काढली, तालीम दुसऱ्या बाजूला ठेवली आणि दोन्हीच्या मध्ये भिंत घातली. शाळेतलं पोरगं तालमीत गेलं की घरचे म्हणायचे, अभ्यासाचं वाटोळं झालं. तालमीतलं पोरगं शाळेत गेलं की मास्तर म्हणायचे, आला बघा रेडा.

आता माझं सांगतो. मी 1977 साली दहावी झालो. पुढं शिकलो नाही, रानात गेलो. माझ्या शाळेचं नाव घेत नाही, कारण तिथल्या मास्तरांनी मला लिहायला वाचायला शिकवलं, ते उपकार आहेत. पण पी.टी.चा तास म्हणजे काय होतं तेवढं सांगायलाच पाहिजे. पहिली दहा मिनिटं सावधान, विश्राम, दाहिने मूड. कवायत वाईट असं मी म्हणत नाही. पण पुढची तीस मिनिटं वर्गातली बाराचौदा पोरं खो-खो खेळायची आणि उरलेली चाळीस आम्ही लिंबाखाली बसायचो. ती बाराचौदा म्हणजे तालुक्याला जाणारा संघ. लांब टांगांची, काटक. मी बुटका आणि जरा थुलथुलीत होतो. पहिल्याच आठवड्यात सरांनी मला बघितलं आणि म्हणाले, "तू चपला राख रे."

आठवीपासून दहावीपर्यंत तीन वर्षं मी त्या संघाच्या चपला राखल्या. तालुक्याच्या सामन्यालाही गेलो, ट्रकच्या हौद्यात बसून, चपलांचं पोतं मांडीवर घेऊन. कुणाची चप्पल कुठली हे मला अंधारात हात लावून कळायचं. संघ जिंकला की मीही नाचायचो. त्यात मला तेव्हा अपमान वाटला नाही, हे आज जास्त लागतं. पोरगं स्वतःच मान्य करून टाकतं की आपण खेळायसाठी नाही, बघायसाठी आहोत.

आणि खो-खो बघा कसला खेळ आहे! आठ जण चौकोनात बसलेले, एकाचं तोंड इकडं, दुसऱ्याचं तिकडं. नववा पळतोय. ज्यानं पाठलाग धरला त्याला एकदा दिशा घेतली की मागं फिरता येत नाही, मधली पट्टी ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला मात्र वाट्टेल तसं फिरायची मुभा. मग पाठलाग करणारा जिंकतो कशावर? बसलेल्यांच्या जिवावर. बसलेलं पोरगं झोपलेलं असून चालत नाही. पाठीमागून हात पडला, 'खो' ऐकू आला की त्याच क्षणी उठायचं, आणि देणाऱ्यानं त्याच्या जागी बसायचं. आत्ता पळणारा तोच घटकाभरानं बसणारा. असला खेळ ज्या मातीत निघाला, त्या मातीतल्या शाळांनी तो खेळताना चाळीस पोरं कायमची बसवून ठेवली. मैदानात बसलेल्या आठांना खो मिळणार असतो. आम्ही लिंबाखालच्यांना कुणी द्यायचा?

इथं मला दोन प्रकारच्या माणसांशी भांडायचं आहे.

पहिला, आमच्यातलाच, शेतकरी बाप. तो म्हणतो, "आमच्या पोरांस्नी कशाला पायजे व्यायाम? सकाळी गवताचा भारा, संध्याकाळी धार, सुट्टीत भांगलण. शहरातल्या पोरांस्नी असूदे ती थेरं." मीही असंच म्हणायचो. माझ्या पोरांना म्हणालो आहे. पण चाळीस वर्षं ऊस केल्यावर माझं अंग मला काय सांगतं ते ऐका. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला आहे. मोळी उचलून उचलून मान एका बाजूला आखडली आहे. भांगलण करणाऱ्या बायकांचे गुडघे पन्नाशीत जातात, कंबर तर चाळिशीतच. काम अंगाला आपल्या सोयीनं वाकवतं. एकच हालचाल, हजार वेळा, थांबायचं कधी ते काम ठरवणार, आपण नाही. खेळ तसा नसतो. खेळात अंग चारी बाजूंनी वळतं, पळतं, झुकांडी देतं, पडतं, उठतं, आणि दम लागला की पोरगं आपणहून थांबतं. आणखी एक, कामातनं काही तरी मिळवायचं असतं, खेळातनं काही मिळवायचं नसतं. अगदी रिकामटेकडी गोष्ट आहे ती, आणि म्हणूनच पोराच्या वाढीला लागते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाच ते सतरा वर्षांच्या पोरांनी दिवसाला सरासरी साठ मिनिटं तरी जोमानं अंग हलवावं. माझ्या गावातल्या बापाला ते साठ मिनिटं म्हणजे वैरणीचा भारा वाटतो. आणि आता तर भारापण राहिला नाही. पोरगं शाळेच्या गाडीनं जातं, येऊन मोबाईल घेऊन बसतं, आणि बाप अजून म्हणतोय आमची पोरं राबणारी आहेत.

दुसरा माणूस पदकवाला. 2024 च्या ऑगस्टात राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला 50 मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं. खाशाबा जाधवांनंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राच्या माणसाला वैयक्तिक खेळात ऑलिंपिक पदक मिळालं. आमच्याकडं काय आनंद झाला म्हणून सांगू, साखर वाटली, मी स्वतः वाटली. पण दुसऱ्या दिवसापासून चौकाचौकात फलक लागले, शाळाशाळांत भाषणं झाली, आणि प्रत्येक भाषणाचा शेवट एकच, 'तुम्हीही असेच व्हा.' अहो, कसं होणार? तो पोरगा घडला नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत, वर्षानुवर्षं घर सोडून. शाळेच्या पी.टी.च्या तासात रायफल नव्हती आणि नसणारच. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, पोहणारा वीरधवल खाडे, ही सगळी कोल्हापूरची रत्नं. पण त्यांच्यामागं घरच्यांनी खाल्लेल्या खस्ता आहेत, त्यांचे वेगळे गुरू आहेत. पदक काढायला वेगळी व्यवस्था लागते आणि ती असावीच. शाळेतला खेळाचा तास हे त्या व्यवस्थेचं चाळण नव्हे. आम्ही तो चाळण केला. चांगले दाणे वर काढायचे, बाकी पाखडून टाकायचं. माझ्यासारखं पाखडलेलं निम्मं गाव आहे.

खाशाबांचंच घ्या. कराडजवळच्या गोळेश्वरचे, शिकायला इथं राजाराम कॉलेजात. 1948 ला लंडनला गेले तेव्हा सहावे आले. मातीत वाढलेला गडी तिथं गादीवर उभा राहिला. मातीत कुस्ती म्हणजे समोरच्याची पाठ लावायची, आभाळ दाखवायचं, मग अर्धा तास लागो नाहीतर तास. गादीवर घड्याळ आलं, गुण आले, पाय धरायची रीत वेगळी, पाय घसरायची रीतही वेगळी. दोन्हीला कुस्तीच म्हणतात, पण स्वभाव निराळा. खाशाबांनी तो स्वभाव ओळखला, चार वर्षं त्यावर मेहनत केली आणि 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं. त्यांना पाठवायला प्राचार्य खर्डेकरांनी आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. ही गोष्ट आपण भाषणात सांगतो आणि टाळ्या घेतो. पण त्यातलं शिकायचं ते शिकत नाही. खेळाचा स्वभाव पाठ करून कळत नाही, अंगाला लागल्यावर कळतो, आणि तो लागू द्यायला एखाद्या मास्तरानं जीव टाकावा लागतो.

मला तो तालमीत कळला, शाळेत नाही. दहावीनंतर दोन वर्षं गावच्या तालमीत गेलो, चुलत्याच्या धाकानं. वस्ताद म्हातारे होते, एका डोळ्यानं दिसत नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी वाट बघत होतो, आता हेही म्हणणार, लंगोट राख. तर म्हणाले, "पैलवान काय तू व्हत न्हाईस लेका. पण पडायला शीक. पडायला आलं की मानूस भ्यात न्हाई." मग पहिले दोन महिने कुस्ती नाहीच. खोऱ्यानं हौदा उकरायचा, ढेकळं फोडायची. तांबडी माती, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू, काव. त्या मातीचा वास अजून नाकात आहे. मग पडायचं. पाठीवर, कुशीवर, पुढं कोलांटी घेऊन. हनुवटी छातीला, हात टेकायचा नाही. मी एकही कुस्ती मारली नाही. जत्रेत नारळावरच्या दोन कुस्त्या धरल्या, दोन्हीत चितपट झालो. पण सातआठ वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॉलीवरनं पाय सटकून खाली आलो तेव्हा हात टेकला नाही, अंग आपोआप गोळा झालं आणि कुशीवर लोळलो. डॉक्टर म्हणाले, नशीब. मी म्हटलं, वस्ताद.

तर शाळेत हे का होऊ नये? प्रत्येक पोराला पडता यावं, पळता यावं, फेकता यावं, झेलता यावं, पाण्यात तरंगता यावं, दम राखता यावा. एवढं सातवीपर्यंत झालं तरी पुरे. हुतूतूत पोरगं 'हुतूतू' म्हणत शिरतं तेव्हा एका दमात किती लांब जायचं आणि परत यायला किती दम शिल्लक ठेवायचा, हा हिशेब ते स्वतः करतं. व्यवहारी अपूर्णांकापेक्षा अवघड हिशेब आहे तो. संजीवनी प्रकारात तर बाद झालेला गडी आपल्या माणसानं समोरचा एक मारला की पुन्हा आत येतो. हारलं म्हणून आयुष्यभर बाहेर नाही. स्पर्धा नकोच असं म्हणणाऱ्यातला मी नव्हे. हार असलीच पाहिजे, जीत असलीच पाहिजे, नाहीतर खेळ अळणी होतो. पण हारायलासुद्धा आधी आत घ्यावं लागतं.

जुन्या खेळांचे गोडवे गाणाऱ्यांनी आता खूश होऊ नये. आमच्या वेळी असं होतं, विटीदांडू होता, सूरपारंब्या होत्या, लगोरी होती, आणि मोबाईलनं सगळं खाल्लं, असं म्हणत पारावर बसणारे माझे मित्रच आहेत. त्यांना मी विचारतो, तुमच्या त्या हुतूतूत खालच्या आळीतली पोरं होती का? नव्हती. येत नव्हती म्हणजे घेत नव्हतो. खो-खोत नुसता हात लावायचा असतो, हुतूतूत कवेत धरावं लागतं, मांडीला मिठी मारावी लागते, दुसऱ्याचा घाम आपल्या अंगाला लागतो. आम्ही ती पोरं घेतली नाहीत याचं कारण खेळाच्या स्वभावातच होतं आणि तोच स्वभाव आम्हाला नको होता. शाळेतही सरांनी त्यांना कवायतीत शेवटच्या रांगेत आणि आमच्याबरोबर लिंबाखाली बसवलं. माझी चपला राखायची पाळी आली ती अंगामुळं. त्यातल्या एकाला तर कुणी चपलाही राखायला दिल्या नाहीत. तो आमच्या सगळ्यांपेक्षा जोरात पळायचा. हे मला लिहिताना जड जातंय, पण लिहितो. आणि पोरींचं? सहावी झाली की आया म्हणायच्या, बास झालं हुंदडणं. आजही म्हणतात, फक्त आता 'हुंदडणं' न म्हणता 'क्लास आहे' म्हणतात. 2025 च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपल्या पोरी जिंकल्या, कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राची. सामना आमच्या घरातल्या सगळ्या बायकांनी मोबाईलवर बघितला. बघून झाल्यावर नातीला म्हणाल्या, चल अभ्यासाला बस.

कायद्याचंही सांगतो, कारण लोकांना वाटतं सरकारनं काहीच केलं नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला खेळाचं मैदान पाहिजे असं लिहिलं आहे. सहावी ते आठवीत शंभराच्या वर पोरं असली तर आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक द्यावा असंही आहे. शंभराच्या वर! आमच्या गावच्या शाळेत त्या वर्गांत मिळून साठसुद्धा भरत नाहीत. आसपासच्या वाड्यावस्त्यांचंही तेच. म्हणजे पोरं कमी म्हणून खेळाचा माणूस नाही. साठ पोरांना साठ अंगं नसतात काय? शहरातली मोठी शाळा आकड्यात बसते, तिला माणूस मिळतो, पण तिला मैदान नसतं, गाड्या लावायच्या जागेत पोरं कवायत करतात. आम्हाला मैदान आहे तर माणूस नाही. आणि आता मैदानावरही डोळा आहे.

गेल्या दिवाळीआधी गावात बैठक झाली. शाळेच्या मैदानाची रस्त्याकडची पट्टी घेऊन तिथं सभागृह बांधायचं, लग्नकार्याला उपयोगी पडेल, भाडं येईल, असं निघालं. सगळ्यांना पटलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, तेवढी पट्टी गेली तर खो-खोचं मैदान बसत नाही. एक जण म्हणाला, "आण्णा, खो-खो खेळतंय कोण आता?" सगळे हसले. हसण्यात माझ्या वर्गातला, त्या संघातला लांब टांगांचा गडीही होता. त्याचे दोन्ही गुडघे आता गेलेत. मी त्याला म्हटलं, तू तरी हसू नगं, तुझी चप्पल तीन वर्षं मी धरलीया. तो गप्प बसला. ठराव पुढच्या बैठकीवर गेला. पुढची बैठक अजून झाली नाही, पण होईल, आणि माझ्या बाजूनं किती हात वर होतील याचा मला भरवसा नाही.

तोवर मी एक केलं. बाईंची आणि मुख्याध्यापकांची परवानगी काढली. घरच्या बांधावरचे निलगिरीचे दोन वासे तोडले, तासून गुळगुळीत केले, आणि मैदानाच्या दोन टोकांना पुरले. फक्की आणली. नातीच्या वहीतली मापं बघून दोरी धरली. तिथं मात्र ती वही कामाला आली, हे कबूल करतो. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पोरं थांबतात. पहिल्या शनिवारी नऊ आली, त्यात पोरी चार. कुणालाही निवडत नाही. आधी मऊ मातीत पडायला शिकवतो, माझ्याच्यानं होतं तेवढं करून दाखवतो. तेव्हा पोरं पोट धरून हसतात. मग दोन फळ्या. चपला ज्याच्या त्यानं लिंबाखाली ठेवायच्या, राखण कुणी करायची नाही.

तिसऱ्या शनिवारी नात खांबाला वळसा घालताना सटकली आणि कोपर खरचटून घेऊन आली. सुनेनं मला दारातच धरलं. "आबा, परीक्षा तोंडावर आलीया, आनि हे काय?" मी हळद आणायला आत गेलो. मागनं नातीचा आवाज आला, "आई, हात टेकला म्हणून लागलं. टेकायचा नसतो."